हातचा एक

चारशेतली दोनशे एकोणिसावी.
डॅशबोर्डवरच्या पट्टीवर तसं कोरलंय,
शेजारी कारखान्यातल्या कुणाची तरी सही,
एकोणीस वर्षांत आम्हाला न लागलेली.

दोष मी आधीच कागदावर उतरवले, कारणांसकट.
रेयो पोलादाच्या कारखान्यात होता, तिथली रीत:
आधी खोट सांगायची, मग भाव.

बॉनेटवर तांबूस ठिपके. धुराड्यांची धूळ,
दक्षिणेचा वारा सुटला की राहे गावात
सगळ्यांच्याच पत्र्यावर बसते.
छताच्या कापडाला मागच्या काचेपाशी सात टाके. माझे.
शिडाच्या दोऱ्याने घातलेत, धरतील.
उजव्या रिमला फुटपाथने घेतलेला चावा,
औलूच्या हॉस्पिटलबाहेर;
त्या दिवशी कुणाचं लक्ष होतं रिमकडे.
ड्रायव्हरच्या सीटची कड उसवलेली,
रेयो गाडीतून उतरायचा तो
भांडण सोडवायला निघाल्यासारखा.

इंजिनाला बोट ठेवायला जागा नाही.
बर्फाचे सहा महिने ती चादरीखाली,
बॅटरी माझ्या स्वयंपाकघरात,
काकडीच्या बरण्यांशेजारी.

येस्से आला. औलूपर्यंत रेल्वे, पुढे बस.
पोरगेला, पण कॉफीचा कप गाडीवर न ठेवता
कुंपणावर ठेवला,
तिथेच मी मनात पाचशे युरो सोडले.
मग त्याने खिशातून काडेपेटीएवढं यंत्र काढलं,
पत्र्याला टेकवत,
रक्तदाब घेणाऱ्या नर्सच्या आवाजात पुटपुटत निघाला:
एकशे दहा. एकशे बारा. एकशे आठ.
एकशे अकरा.

डावं मागचं मडगार्ड.
तीनशे चाळीस.
पुसून पुन्हा. तीनशे छत्तीस.

“इथे पुट्टी आहे, वर नवा रंग,” तो म्हणाला.
“सुरेख काम. डोळ्याला कळू नये असं.
तुमच्या कागदात नाही.”

माझ्या कागदात नाही.
दर शनिवारी स्पंज फिरवलाय मी त्या मडगार्डवरून.

दोन हजार अकरा, ऑगस्ट. वासाला भावाकडे गेला,
दोन दिवसांचे सहा झाले. भावाचं छप्पर गळत होतं म्हणे.
परतला तो गाडी लखलखीत.
मी म्हटलं, चिखलातून येऊनही किती स्वच्छ ठेवलीस!
तो शेपू घातलेले नवे बटाटे खात राहिला,
मग म्हणाला, अजून आहेत का?

खांब असेल. रेनडियर असेल. दारू असेल.
कुणी बाई असेल तर
तिला गाडी तरी नीट लावता येत नव्हती.
भाऊही गेला गेल्या वर्षी,
आणि ते छप्पर मी कधी पाहिलंच नाही.

“दोन हजार कमी,” येस्से म्हणाला.
मी हो म्हटलं, इतकं पटकन की तोच ओशाळला.
कागद मागून घेतला, खाली लिहिलं:
डावं मागचं मडगार्ड, दुरुस्त केलेलं.
कारणाच्या जागी पेन टेकवून थांबले.
शाईचा ठिपका झाला, तेवढंच.

“हे यंत्र केवढ्याला मिळतं?”
“साठ युरो. पण फक्त धातूवर चालतं.”

तो गेला, नऊ अंशांत छत उघडं टाकून,
कानटोपी भुवयांपर्यंत.
दहा मिनिटांनी फोन: पाऊस आलाय,
छत अर्ध्यावर अडकलंय.

डाव्या कोपऱ्याला तळवा लाव, म्हटलं मी,
बटण दाबून धर आणि ढकल,
अडेल गाय गोठ्यात ढकलावी तसं.
नेहमीचंच आहे तिचं.

बेरजेत हातचा एक राहावा
तसं हे कागदावर घ्यायचं राहून गेलं होतं.
राहून गेलं, की ठेवलं मी,
फोन कानाला धरून त्याची धाप ऐकत राहिले,
मग खटका बसल्याचा आवाज.