तोलार

माझा नवरा निपाणीत तंबाखूच्या वखारीत तोलार,
गुंजभर फरक नजरेनं ओळखणारा.
पुठ्ठ्यावर त्यानंच मांडलं होतं:
अक्कोळ ते निपाणी, लिटरला सत्तर,
हप्ता, माझ्या विड्यांचे पैसे धरून.
हिशेब चोख. मीच दोनदा तपासला.

शोरूमच्या पोरानं कानडीत किंमत सांगितली,
ह्यानं मराठीत घासाघीस केली,
तेवढ्यात कोपऱ्यातली जड, काळी गाडी
कुणीतरी उगाच चालू केली.

ह्याचा हात टाकीवर.
मला बघायला आला तेव्हा
चहाची बशी अशीच धरली होती,
थरथरती.

घरी येताना मागं बसून ओरडले,
"पस्तीसच देते ही!"
"ऐकू येईना," म्हणाला.

अंगणात स्टँड मातीत रुतायला लागला.
खाली सरकवायला
तो पुठ्ठाच सापडला.