रिकामं वजन

तुर्भ्याला, बाजार समितीच्या मागच्या रस्त्याला
साठ टनी काट्याच्या केबिनमध्ये मी बसते.
बोर्डावर 'धर्मकाटा' लिहिलंय.
धर्म विचारायचं काम मात्र काट्याकडे नाही,
ते गिऱ्हाईकं करतात.

'रणनवरे? म्हणजे कुठले?'
'श्रीरामपूरचे.'
'तसं नाही हो. मूळचे कोण?'
पावती छापून येईपर्यंत
ते माझं मूळ शोधत राहतात,
कपाळावर, गळ्यात, डब्यातल्या भाजीत.

पहिल्या नोकरीत, वाशीला,
मी एलिशिबाची अलका झाले होते.
कुणी सांगितलं नव्हतं. माझी मीच.
सकाळी टिकली लावून निघायचे
आणि परतताना कोपरखैरण्याचं वळण आलं
की समोरच्या सीटच्या पाठीला चिकटवायचे.
कितीतरी अलका त्या बसमध्ये राहून गेल्या.

रविवारी दुसरा काटा.
शाळेचा भाड्याचा हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या,
उपासना संपायच्या आत पारखेमावशींची नजर:
यंदा तरी? वय काय झालं? भावानं घर घेतलं ना?
मी वरच्या पट्टीत गायचे,
चहाच्या पातेल्यापाशी सगळ्यांच्या आधी उभी राहायचे,
कुणीतरी म्हणावं, चांगली आहे हो पोरगी.
म्हणायचेही.
घरी पोचेपर्यंत ते पुरायचं नाही.

मग गेल्या फेब्रुवारीत, भर दुपारी,
काटा तपासायला तळोज्याहून पोरगा आला, सुधन्वा.
वीस-वीस किलोची लोखंडी वजनं मांडून झाल्यावर
म्हणाला, 'ताई, तुम्ही पण राहा की उभ्या.'
गेले. अठरा मीटर लोखंडी पाटा,
चपलेतून चटका, आणि मधोमध मी एकटी.
आकडा दिसला चाळीस.
मग साठ. पुन्हा चाळीस.
मी एकावन्न किलोची.
तो हसला: 'वीसच्या आतलं ह्याला कळतच नाही.
हा ट्रकांचा काटा आहे, ताई.
माणसासाठी नाही बनवलेला.'

मीही हसले. मग केबिनमध्ये येऊन
पंख्याखाली बराच वेळ रडले,
का ते त्याला सांगता आलं नसतं.

इथे प्रत्येक गाडी दोनदा चढते.
एकदा भरलेली, एकदा रिकामी.
पैसे मधल्या फरकाचे.
रिकाम्या वजनाचा कुणी रुपया देत नाही,
ते वजा करायचं असतं.

पप्पा सांगायचे, तुझा बाप्तिस्मा झाला
तेव्हा तू तीन महिन्यांची,
दात नाही, अक्षर नाही,
पाळकांच्या झग्यावर ओकलीस.
त्याच वेळी तुझं नाव घेतलं गेलं.
सगळी मंडळी आमेन म्हणाली.
आणि तो स्वतः नदीतून वर आला ना,
तेव्हा एक आंधळा बरा केला नव्हता,
एक भाकर मोडली नव्हती.
लाडका म्हणून हाक आली ती त्याआधी.
मी ऐकायचे, आणि भाजी निवडत राहायचे.

माल चढायच्या आधी, पप्पा.
असं साधं सांगायचं होतंत.

आता सगळं सुटलं, असं नाही.
अजूनही कुणी मालक केबिनच्या काचेतून बघतो
तेव्हा हात आपोआप कपाळाकडे जातो,
तिथून केसांकडे वळवते.
पारखेमावशींना मात्र परवा म्हटलं,
'यंदाही नाही', आणि त्यांच्याच खुर्चीशेजारी बसले.
त्यांनी चष्मा पुसला. मग हळूच
स्वतःच्या मुलाबद्दल बोलू लागल्या,
जो दोन वर्षं फोन करत नाही.

सकाळी काटा शून्यावर आणते.
पाट्याच्या फटीत अडकलेले कांद्याचे पापुद्रे काढते.
पहिली गाडी लासलगावची.
ड्रायव्हर विचारतो, 'मॅडम, पावतीवर कुणाची सही?'
सांगते. पूर्ण सांगते.
'एलिसाबाई?'
'एलिशिबा.'
'तेच ते', म्हणत तो गाडी पुढे घेतो,
आणि पाटा एवढासा वर येतो.