चौथा भाग सोड

विभावरी, विचारलंस म्हणून सांगते:
ती मासेमारांची मालिका बघ, आठ भागांची.
भाषा परकी, पण खाली अक्षरं येतात,
आणि तसंही ती माणसं फार बोलत नाहीत.
पहिला भाग रटाळ. भाकऱ्या थापता थापता ऐक.
दुसऱ्याला मात्र गॅस बंद करून बस.

चौथा सोड.
उगाच लांबवलाय, काही घडत नाही त्यात.

पोलिसांचं ते नवीन, ज्याच्यापायी अख्खी ऐरोली जागी आहे,
ते नको. खुनी कोण
ते मोघ्यांच्या पोराने जिन्यातच फोडलं.
म्हाताऱ्या जोडप्याचा सिनेमा सुंदर आहे,
पण आत्ता नाही. दिवाळीनंतर बघू, दोघी मिळून.

आणि माझ्या खात्यावरून बघ.
तुझ्या टीव्हीवर अजून हेरंबच्या नावाचा चौकोन येत असेल,
हिरवा, हसरा.

सोमवारी डबा परत द्यायला आलीस.
तळाशी मूठभर साखर, रिकामा कसा द्यायचा म्हणून.
चप्पल न काढताच म्हणालीस,
"चौथाही बघितला गं.
वाशीच्या त्या वॉर्डात होती ना,
तश्शीच निळी खुर्ची आहे त्यात.
बाई बसल्या बसल्या झोपते.
मला कुणी उठवलं नव्हतं.
तिलाही नाही उठवत."