पाव सेकंद

भोसरीच्या शेडमध्ये काळोखेंनी रोबोला वेल्डिंग शिकवलं,
तेव्हा मी पेंडंट धरून शेजारी उभी होते.
ते म्हणायचे, इथं हात हलका ठेव,
पत्रा पातळ आहे, भोक पडेल.
हे रोबोला. मला नाही.

बावीस बिंदू. दोन दिवस लागले.
मधे एकदा त्यांनी त्याच्या कोपरावरची धूळ
खिशातल्या रुमालानं पुसली.

मग काळोखेंचा हिशेब झाला.
शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ,
आणि कँटीनमध्ये त्या दिवशी जिलेबी.

मार्चमध्ये वरून विचारणा आली:
एका सांध्याला पाव सेकंद जास्त का लागतो?
प्रोग्राम उघडला. चौदाव्या बिंदूपाशी
हात किंचित वर उठत होता,
थांबत होता,
पुन्हा खाली.
कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं.

फोन लावला. मागे कुकरची शिट्टी, नातवाचे पाढे.
"अगं, तिथं मी श्वास घ्यायचो," म्हणाले,
"धूर तोंडावर यायचा ना."
मग हसले. "त्याला कशाला हवाय? काढून टाक."

काढला.
दिवसाला बाराशे सांधे गुणिले पाव,
पाच मिनिटं वाचली.
ग्रुपवर तिघांनी अंगठे पाठवले.

परवापासून माझ्या कॉम्प्युटरवर
एक सॉफ्टवेअर बसवलंय.
मी प्रोग्राम कसा लिहिते ते बघून शिकतं म्हणे.
आज डबा खाल्ल्यावर मी जराशी
काहीच न करता बसून राहिले.
त्यानं तेही टिपून घेतलं.