कडता

सत्तावीस वर्षं लातूरच्या मोंढ्यात मापाडी आहे.
तूर, हरभरा, सोयाबीन,
पोत्यावर हात ठेवला की वजन सांगतो,
चुकलंच तर किलोभर.
स्वतःवर हात ठेवला नव्हता कधी.

दिवाळीनंतर अडत्याच्या रिकाम्या काट्यावर
गंमत म्हणून उभा राहिलो.
अठ्ठ्याण्णव.
जिलानी हमाल म्हणाला, "बारदाना धरून, का सोडून?"
सगळे हसले. मी जरा उशिरा हसलो.

त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर आकडा लिहिला:
हजार.
कुणी सांगितला नव्हता. गोल होता म्हणून आवडला.
दिवसाला हजार कॅलरी, वर पाणी.
सकाळी अर्धी भाकरी, दुपारी काकडी,
रात्री ताटाकडे पाठ.
बायको विचारायची,
"जेवलालाव का मोजलालाव?"

पहिल्या आठवड्यात तीन किलो गेले,
मी मोंढाभर सांगत फिरलो.
तिसऱ्यात आकडे हलायला लागले.
बेचाळीसचे चोवीस लिहिले,
एकानं पावती परत आणून दिली,
ओरडला नाही, त्याचंच जास्त लागलं.
आणि नव्या तुरीची आवक होती त्या दिवशी
पोत्याच्या जागी मीच काट्यावर आडवा.
जिलानीनं उचललं. नंतर म्हणाला,
"हलका झालास गड्या,
पण पोतं फाटल्यावर होतंय तसा."

सरकारी दवाखान्यात आहाराच्या फरहीन मॅडम,
माझ्या पोरीच्या वयाच्या.
वही मागितली, हजारावर बोट ठेवलं.
"मोंढ्यात क्विंटलमागं कडता किती?"
"बारदान्यापुरता."
"आणि कुणी पन्नास किलो कापला तर?"
"त्याला चोर म्हणतात."
त्या काही बोलल्या नाहीत.
पेनाचं टोपण काढलं.

माझ्याच वहीत, माझ्यासारखेच रकाने पाडून:
वय शेहेचाळीस, उंची पाच फूट सात.
नुसते पडून राहिलात
तरी श्वासाला, काळजाला, डोक्याला लागतात अठराशे.
काट्यापाशी उभं राहणं, घरी चालत जाणं धरून
साडेतेवीसशे.
त्यातून पाचशे वजा.
साडेअठराशे.
"पंधराशेच्या खाली मला विचारल्याशिवाय उतरायचं नाही.
आठवड्याला अर्धा किलो, पुष्कळ झालं.
पाच किलो गेले की या, हिशेब नवा मांडू."
हा आकडा गोल नव्हता.
पण त्याच्यात जेवण होतं.

घरी छोटा काटा आणला, भाकरी मोजायला.
परातीत तिचे हात थांबले.
"माझ्या हाताला काटा लावलालाव?"
मान खाली घालून लावलाच.
एकशे वीस. एकशे अठरा. एकशे वीस.
काटा पुसून फळीवर ठेवला,
अजून तिथंच आहे, त्याच्यावर आता काडेपेटी असते.

गळती निघाली दुसरीकडंच:
येसराच्या आमटीवरचा तवंग,
शेंगांच्या चटणीवर सोडलेली तेलाची धार,
अडतीअडतीवर मानाचे म्हणून घेतलेले
आठ गोड चहा.
कडता तिथं लावला.
तवंगाचं वाईट वाटतं अजून, खोटं कशाला बोलू.

काल काट्यावर उभा राहिलो.
आठवड्यात चारशे ग्रॅम.
चारशे ग्रॅम म्हणजे काय?
मोंढ्यात कुणी वाकून उचलत नाही.
म्हणजे, एक शेवंताबाई उचलते.
लिलाव उठला की झाडू घेऊन येते,
सांडलेली तूर मातीतून निवडते,
सुपात पाखडते, फुंकते,
आणि संध्याकाळी तिच्या ओट्यात
असेच चारशे, पाचशे ग्रॅम असतात.
त्याच्यावर तिची चूल.

तिच्यापुढं वहीत काही लिहायचं म्हणजे
पेन जड होतो.
मी वही मिटली.
ती सूप आपटत म्हणाली, "जेवलास का रं?"
महिनाभर या प्रश्नाला खोटं बोलत होतो.
"जेवलो," म्हणालो.
दीड भाकरी, मेथी, वाटीभर वरण.
तिनं मान हलवली
आणि माझ्या चपलेजवळचा दाणा उचलला.