तेवीस

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात मी टॉवेल मोजते.
ओकटि, रेंडु, मूडु,
अंगठा दुमडीवर, ओठ मिटलेले.
शेजारी शकुंतला मराठीत सून, गॅस, चार दिवसांआड येणारं पाणी
सगळं सांगत असते,
माझी मोजणी हलत नाही.
पण दारातून कुणी नुसतं "इटु रा, अक्का" म्हटलं
की सतरा कुठं गेले कळत नाही.
पुन्हा पहिल्यापासून.

शाळेत एकदा सातला एडु म्हणून गेले.
वर्ग आठवडाभर हसला: येडू, येडू.
घरी त्याच शब्दाचा अर्थ वर्ष असाही होतो,
आणि रड असाही.
मी तो शेवटचा घेतला.
बाई म्हणाल्या, ह्या पोरीचं ध्यान नाही.
आणि मागच्या बाकावरून कुणीतरी: काय ध्यान आहे!
ही दोन ध्यानं वेगळी, हे कळायला मला
पुढची इयत्ता लागली.

वांगीकरसाहेब आकडा ओरडतात, मी चलनावर लिहिते.
तेवीस.
मराठीत तीन आधी पोचतात, वीस मागून.
आमच्यात इरवै आधी येऊन बसतं,
मूडु मग जागा शोधतं.
पेन कागदाच्या वर थांबतं
अर्धा श्वास, फार नाही.
एका दिवाळीला नाही थांबलं.
त्रेपन्न गठ्ठे माझ्या हातून पस्तीस झाले,
मधले अठरा सहा महिने पगारातून कापले गेले.
तेव्हापासून तो अर्धा श्वास मी जपते.

सत्कारात शाल देताना म्हणतात,
एक भाषा उभा धागा, एक आडवा.
माझ्या वडलांनी चाळीस वर्षं माग चालवला,
ते असलं काही बोलले नाहीत.
धागा तुटला की त्यांना खडखडाटातून कळायचं,
आणि समोरच्याशी बोलणं न तोडता
हात बरोब्बर तिथं जायचा.

परवा साहेब सगळ्यांसमोर म्हणाले,
"तुम्हा लोकांना मराठी कधी येणार?"
चुकलं काही नव्हतं त्या दिवशी. चलन बरोबर होतं.
उत्तरं दोन होती माझ्याकडे.
तेलुगूतलं लई धारेचं,
मराठीतलं व्याकरणाला धरून.
शकुंतलेनं कोपर मारलं, बोल की गं.

बोलणारच होते.
तीन आले होते,
वीस यायचे होते.