त्यांच्याकडे अजून काल

पहाटे साडेचारला सावद्यात
मी आधी चेंबरांचं तापमान लिहितो,
अठरा, साडेअठरा, तीन नंबरला एकोणीस,
मग मोबाईल वजनकाट्याला टेकवून उभा करतो.
तिकडे संध्याकाळ असते.
लोक कामावरून थेट आलेले,
गळ्यातली ओळखपत्रं तशीच,
आणि एक माणूस मातीच्या उंचवट्यावर उभा राहून
चेंडू टाकावा की नाही, याचा विचार करतोय.

बास्केटबॉल मला कळतो.
भुसावळला रेल्वेच्या शाळेत दोन वर्षं खेळलोय.
कडीला जाळी नव्हती.
चेंडू आतून गेला की बाहेरून, यावर रोज भांडण.
म्हणून अजून पडद्यावर जाळी हलली
की मला पुरावा मिळाल्यासारखं वाटतं.
पण शेवटची दोन मिनिटं!
शेवटची दोन मिनिटं म्हणजे भुसावळचं आउटर.
स्टेशनचे दिवे दिसतायत,
सामान दारात आणून ठेवलंय,
कोणीतरी चपला घालून उभंसुद्धा आहे
आणि गाडी हलत नाही.
टाइमआउट. मोटारीची जाहिरात. टाइमआउट.
मग तिघं कोट घालून टेबलाशी बसतात
आणि आत्ता आपण जे पाहिलं
तेच आपल्याला सांगतात.
त्यातला टकला बरा. हसतो तरी मनापासून.

बेसबॉल मला चुडामणने शिकवला,
ज्याला तो अजिबात कळत नाही.
चुडामण कोळी, हमाल,
शर्टाच्या दोन्ही खांद्यांवर केळीच्या चिकाचे काळे डाग.
कॉम्प्रेसर सुरू झाला की इंग्रजी ऐकू येत नाही,
तेव्हा तो बादली पालथी घालून बसतो आणि सांगतो:
"याचं ध्यान नाई आज. बायकोचा फोन आला व्हता याले."
"हा पाह्य, इतलं चिलखत घालून उकिडवा बसला,
मांडीखाली बोटं दाखवू राह्यला.
भाव ठरवू राह्यले दोघं."
बरोबर. गुरांच्या बाजारात
रुमालाखाली बोटं दाबतात, तसंच.
आताशा ती बोटं दिसत नाहीत.
टोपीत यंत्र बसवलंय म्हणे, तेच कानात सांगतं.
मी हे समजावलं तर चुडामण म्हणाला,
"म्हनजे दलाल आला मधी."

त्यांच्या फळ्यावर तीन रकाने असतात.
धावा, फटके, चुका.
चुका! हजारो लोकांसमोर, विजेच्या अक्षरांत.
तरी कोणी मान खाली घालून घरी जात नाही,
पुढच्या चेंडूला पुन्हा गुडघे वाकवून तयार.
मी एकदा चार नंबरचं दार रात्रभर उघडं ठेवलं होतं.
नऊ टन माल.
शेठ अजून कुणाच्या हळदीत भेटले
तरी पंगतीत बसल्याबसल्या तेच काढतात.
फळा असता तर एक आकडा लिहून
विषय मिटला असता.

आणि चेंडू गर्दीत गेला, तर ज्याने झेलला त्याचा.
परत मागत नाहीत!
एक म्हातारा टोपीत चेंडू धरून नातीला दाखवत होता,
कॅमेरा खेळ सोडून त्यांच्यावरच थांबला,
बोलणारेही गप्प झाले, पहिल्यांदाच.
आमचे तीन चेंडू
गार्डसाहेबांच्या कौलांवर गेले ते गेलेच.
त्यातला एक माझ्या पैशांचा.

काल अकरावा डाव सुरू झाला, तरी बरोबरी.
बाहेर दिल्लीचा ट्रक हॉर्नवर हॉर्न देत होता.
तिकडे अजून मंगळवार, रात्र चढलेली,
आणि मला त्यांचा बुधवार माहीत होता:
ऊन कडक आहे, दहाला लाइट जाणार,
तीन नंबरने रंग धरलाय.
हे त्यांना सांगावं तर कोणाला?
मोबाईल खिशात टाकला.
निकाल लागला असेल. मी पाहिला नाही.

चुडामणने बादली सरळ केली.
"हारला अशीन तो," म्हणाला.
कोण रे?
"ज्याले बायकोचा फोन आला व्हता, तो,"
आणि क्रेट उचलला.